फोटोच्या पाठीवरची नावं

सेक्रेटरीने जिनाप्पा मगदूम या माणसाला फसवलं. शब्द माझ्यासमोर दिला आणि माझ्या माघारी मोडला.

कुठल्या संस्थेचा सेक्रेटरी, ते मी लिहीत नाही. नाव लिहिलं की संस्थेचे सगळे सभासद अंगावर येतील आणि तो एकटा त्यांच्या मागे लपेल. त्याला लपायला मिळू नये, एवढीच माझी इच्छा आहे. मी कोण, तर फ्रेमवाला. गारगोटीहून काच कापायचा हिरा खिशात घालून कोल्हापुरात आलो, दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून देवांच्या तसबिरी जडवल्या, आणि आज महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत माझं स्वतःचं दोन गाळ्यांचं दुकान आहे. माझ्याशी भाव करायला आलेला माणूस घाम पुसत बाहेर पडतो, असं बाजारात म्हणतात. खरं आहे. मला राग लवकर येतो, तेही खरं आहे. पण हा राग तीन वर्षं मुरलेला आहे, त्यामुळे नीट लिहिता येतंय.

जिनाप्पा मगदूम म्हणजे आमचे जिनूआण्णा. कागलकडचं जैन शेतकरी घर. थोरल्या भावांनी शेती सांभाळली, यांनी कॅमेरा गळ्यात घातला. गाव कानडी मुलखाला लागून, म्हणून बोलण्यात ते वळण. पोरीबाळींना ‘अव्वा’ म्हणायचे. उंची बेताची, मान थोडी डावीकडे कललेली, शर्टाच्या खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा. पेन नाही. पेनची शाई फोटोच्या कागदातून पुढं येते, म्हणून पेन्सिल.

पोट भरायला ते लग्नाचे फोटो काढायचे. लग्नं नसतील तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखान्या-कारखान्यांतून कामगारांच्या ओळखपत्रांचे. पण जीव होता तो बँडवाल्यांत. क्लारनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ते पोटावर घ्यायचं युफोनियम, ड्रम, झांजा. कोल्हापुरात आणि आसपास बँडवर वाजवणारा असा माणूस नसेल की ज्याचा फोटो आण्णांनी काढला नाही. वरातीत काढला, बँडच्या दुकानाच्या फळीवर बसून चहा पिताना काढला, रंकाळ्याच्या काठावर सकाळी एकटा सूर लावत उभा असताना काढला, मंगल कार्यालयाच्या फाटकात काढला. चाळीस वर्षं. या चाळीस वर्षांत बँड कमी होत गेले, आधी बेंजो आला, मग डॉल्बी आला. आण्णांचे फोटो मात्र चालूच.

माझी त्यांची ओळख झाली ती भांडणाच्या तयारीने. दुकान नवीन होतं. एक जण कागदात गुंडाळलेला फोटो घेऊन आला. मी पट्टी दाखवली, भाव सांगितला आणि तो निम्मा करायला सांगणार म्हणून बाह्या सरसावून बसलो. तो म्हणाला, “तुमचं नाव काय?”

“बोर्डावर हाय की.”

“बोर्डावर दुकानाचं हाय. तुमचं?”

“शंकर.”

“पुरं सांगा. गावासकट.”

मी सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. पोलीस असल्यासारखं विचारत नव्हता, सोयरिकीला आल्यासारखं विचारत होता. मग त्याने फोटो उलटा केला. पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘सदाशिव बापू जाधव. क्लारनेट. मुरगूड. नाव स्वतः सांगितलं.’

“नाव स्वतः सांगितलं म्हंजे?”

“म्हंजे त्यानंच सांगितलं. दुसऱ्यानं सांगितलेलं मी लिवत न्हाय. बँडमधी एकाला सगळी सद्या म्हणत्यात, त्येचं नाव सदाशिव असतंय का सदानंद ते त्येलाच ठावं.” आणि मग हळूच म्हणाले, “आता ऐका पावणं. ह्येची पाठ बंद करायची न्हाय. खिळं मारून चिकटपट्टी लावतासा न्हवं, तसलं न्हाय. पाठ उघडता आली पायजे.”

मी हसलो. फ्रेमची पाठ बंद नाही केली तर धूळ जाते, झुरळं जातात, सहा महिन्यांत गिऱ्हाईक परत येऊन शिव्या देतं. तसं मी सांगितलं. ते ऐकून घेत उभे राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, “तरी उघडता आली पायजे.” भाव केलाच नाही. मी आयुष्यात हरलेला तो पहिला सौदा. दुसऱ्या दिवशी मी पत्र्याच्या दोन फिरत्या पट्ट्या कापून पाठीला लावल्या. त्या फिरवल्या की पाठीचा पुठ्ठा बाहेर येतो. आज माझ्या दुकानात ‘मगदूम पाठ’ मागितली तर पोरं ओळखतात.

आण्णांच्या फोटोतला वादक कधी वाजवत नसतो. हे मला फार उशिरा कळलं. वाद्य ओठापासून बोटभर खाली आलेलं असतं, छाती भरलेली, डोळे कुठंतरी लांब. दोन फुंकींच्या मधला श्वास. मी विचारलं तर म्हणाले, “सदू मास्तरनं घातलेली अट हाय ती.” हे सदू मास्तर म्हणजे तेच पहिल्या फोटोतले सदाशिव जाधव, क्लारनेटवाले. पहिल्यांदा फोटो काढला तेव्हा मास्तर चिडले होते. “गाल फुगल्यावर काढू नगा आण्णा. घरात बायकू म्हणती, बेडूक आलाय फोटोत. माझं लगीन बी बँडवर झालं, तवापासनं ती मला बेडूकच म्हणत आली हाय.”

तेव्हापासून आण्णांनी फुगलेल्या गालाचा फोटो काढला नाही. पण श्वास कधी घेतला जाणार ते आधी कळायला हवं, आणि त्यासाठी गाणं पाठ हवं. म्हणून आण्णा बँडच्या तालमीला जाऊन बसायचे. त्यांना स्वतःला एक सूर लावता येत नव्हता. पण कुठल्या गाण्यात कुठल्या ओळीनंतर ट्रम्पेटवाला दम घेतो, हे त्यांना त्या ट्रम्पेटवाल्याहून जास्त माहीत होतं. वरातीत ते उलटं चालायचे, बँडकडे तोंड करून, डावा पाय आपटत. मागे बैलगाडी येते की खड्डा येतो, बघायचे नाहीत. एकदा सरळ पाणपोईच्या रांजणात बसले. कॅमेरा वर धरलेला.

यातून लग्नाच्या कामाचं जे व्हायचं ते व्हायचं. एक किस्सा वारणानगरचा. मुलीचा बाप साखर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावरचा, मांडव भरलेला. मंगलाष्टका संपत आल्या. आता आपल्याकडं रीत अशी की शेवटच्या ‘सावधान’ला कुणीतरी ओरडतं, “वाजवा!” आणि फाटकात तयारीत उभा असलेला बँड एकदम सुरू होतो. त्याच क्षणी आत हार पडतात. फोटोग्राफरला आयुष्यभर सांगितलेलं असतं की तो क्षण चुकवायचा नाही. आण्णांनी चुकवला नाही. फक्त ते आत नव्हते, फाटकात होते. ‘वाजवा’ ऐकायला कान लावून, काठीवर बसलेल्या पाखरासारखा स्तब्ध असलेला ट्रम्पेटवाला त्यांनी टिपला, आणि आत हार पडून गेले.

मुलीच्या बापाला कळल्यावर त्याने आण्णांची गचांडी धरली. मी पाहुणा म्हणून होतो, जेवणाचं ताट टाकून धावलो.

“आरं माझ्या पोरीच्या हाराचा फोटू कुठाय?”

“हार पडताना वाजलं का न्हाय?” आण्णा म्हणाले.

“वाजलं!”

“मग ज्यानं वाजवलं त्येचा हाय की फोटू.”

मला वाटलं आता आण्णांना उचलून बाहेर टाकतात. तेवढ्यात आण्णांनी नवरीकडं बघितलं. “अव्वा, परत एकदा घालतीस का हार? पहिला घाईत घातलास. आता बघून घाल.” ती पोरगी खुदकन हसली. नवरदेव लाजून कानापर्यंत लाल. परत घातलेल्या हाराचा तो फोटो पुढं बापाने माझ्याकडूनच जडवून घेतला, दिवाणखान्यात लावायला. मी भावात एक पैसा सोडला नाही. गचांडी धरलेली मला आठवत होती. हारासाठी मात्र आण्णांनी तिथून पुढं एक मदतनीस ठेवला.

आता सेक्रेटरीकडे येतो.

संस्थेने आपल्या सभागृहाचं नूतनीकरण केलं. नवीन खुर्च्या, नवीन लाकडी भिंती. उद्घाटनाला ‘कोल्हापूरचं संगीत’ असं प्रदर्शन भरवायचं ठरलं. गवयांचे फोटो सगळ्यांकडे होते, वेगळं काही हवं होतं, म्हणून सेक्रेटरी माझ्या दुकानात आण्णांना भेटला. आण्णांनी धोतराच्या पानात बांधून साठ फोटो आणले होते. चाळीस वर्षांतले निवडक. प्रत्येकाच्या पाठीवर नाव. निगेटिव्ह घरी होत्या, पण नावं लिहिलेली होती ती फक्त या साठ पाठींवर.

“मला काय नगं,” आण्णा म्हणाले. “माझं नाव बी खाली बारीक टाका, न्हाय टाकलं तरी चालंल. पर आधी पाठीवरची नावं उतरून घ्या, मगच चित्रं चिकटवा. परत्येक चित्राखाली नाव पायजे.”

“आण्णा, शब्द देतो,” सेक्रेटरी म्हणाला. माझ्या काउंटरवर हात ठेवून म्हणाला. “प्रत्येक चित्राखाली नाव.”

इथं माझी चूक झाली ती सांगून टाकतो, म्हणजे कुणी मला ती ऐकवायला नको. ते साठ फोटो माउंट करायचं काम माझ्याकडे यायचं होतं. सेक्रेटरीने दर पाडून मागितला. स्टेशन रोडचा अमका निम्म्यात करतो म्हणाला. माझं डोकं फिरलं. “मग त्येच्याकडंच जावा की, हितं कशाला पायरी झिजवताय?” असं म्हणून मी त्याला दारापर्यंत पोचवला. पाच मिनिटं तोंड आवरलं असतं तर ते फोटो माझ्या टेबलावर आले असते.

उद्घाटनाला पंधरा दिवस होते तेव्हा मी सभागृहात एका देणगीदाराची तसबीर पोचवायला गेलो. भिंतीवर आण्णांचे फोटो लागले होते. मोठे दिसत होते, सुंदर दिसत होते, ते कबूल करतो. प्रत्येकाखाली पितळी रंगाची छापील पट्टी. मी पहिली वाचली. ‘अज्ञात वादक, कोल्हापूर.’ दुसरी वाचली. ‘अज्ञात वादक, कोल्हापूर.’ साठच्या साठ वाचल्या. सदू मास्तर अज्ञात. ज्या सदू मास्तरांच्या क्लारनेटवर अर्ध्या कोल्हापूरची लग्नं लागली, ते अज्ञात.

मी एक चित्र उतरवून उलटं केलं. पाठीला जाड बोर्ड, सगळ्या अंगाने सरस लावून दाबून चिकटवलेला. या धंद्यात इतकी वर्षं घालवल्यावर बघितल्याबरोबर कळतं. सोलायला गेलं तर कागदाच्या चिंध्या येणार आणि पेन्सिल बोर्डावर राहणार.

सेक्रेटरी मागे येऊन उभा होता. “छान आलंय ना?”

“नावं?”

“त्याचं काय आहे शंकरराव, साठ नावं लावली तर भिंत मतदारयादीसारखी दिसते. शिवाय नाव वाचलं की लोक माणूस बघत बसतात, चित्र बघत नाहीत. हे कलेचं प्रदर्शन आहे.”

“उतरून तरी घेतली का?”

“तेवढा वेळ नव्हता हो.”

मी तिथं काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ऐकणाऱ्यांना अजून आठवत असेल.

आण्णांना सांगायला त्यांच्या घरी गेलो. ते निगेटिव्हचे डबे पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “पाठ?”

“चिकटवली.”

हातातल्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, “म्हंजे माणसं बुजवली की रं.”

मी म्हटलं, “तुम्हाला सगळी आठवत्यात की! बसा, मी लिवून घेतो. आत्ता.” त्यांनी मान हलवली. “मला वाटतं म्हणून कुणाचं नाव लावायचं न्हाय. त्यानं सांगायला पायजे. न्हायतर त्येच्या घरच्यानं.” वय चौऱ्याहत्तर, पंधरा दिवस हातात, साठ माणसं गावोगाव पांगलेली, काही मेलेली, आणि या माणसाला नियम सुचतोय! मी चिडलो, ओरडलो. त्यांनी ऐकून घेतलं, पाठीच्या पुठ्ठ्याच्या वेळी घेतलं होतं तसंच. त्यांचा नियम हलला नाही. मग मीच उठलो आणि सेक्रेटरीकडे गेलो, कारण ते काम मला येतं.

सेक्रेटरी आधी म्हणाला, पट्ट्या छापून झाल्या. मी म्हटलं, बरं. मग म्हणाला, दहा प्रमुख वादकांची नावं लावतो. मी काहीच बोललो नाही. सौद्यात गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं, समोरच्याला. मग म्हणाला, दारात एक फलक लावतो, सगळ्यांची नावं एकत्र.

“बारीक अक्षरात?” मी विचारलं.

“सुबक अक्षरात.”

“आण्णांनी फोटू दिलेत, इकलेलं न्हाईत. आत्ता उतरवतो. टेम्पो खाली उभा हाय.”

टेम्पो नव्हता. पण मी खिडकीकडं बघितलं, आणि त्यानेही खिडकीकडं बघितलं, उठून जाऊन बघायचं धाडस त्याला झालं नाही. पाहुण्यांच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या, त्यांवर आण्णांच्याच फोटोचं चित्र छापलं होतं. तो म्हणाला, “ठीक आहे. प्रत्येक चित्राखाली नाव.”

समोरचा वाकला की थांबायचं नसतं. मी आणखी तीन गोष्टी मागितल्या. ज्याचं नाव सापडेल त्या प्रत्येकाला संस्थेच्या शिक्क्याचं निमंत्रण. पुढच्या दोन रांगा त्यांच्या. आणि उद्घाटनाला बँड वाजणार, सभागृहाच्या आत. तिसऱ्या मागणीला तो किंचाळलाच. “आत? नवीन सभागृहात बँड?” मी परत खिडकीकडं बघितलं.

मग पंधरा दिवस आम्ही दोघं फिरलो. आण्णांची जुनी एम-एटी दुचाकी आणि मागे मी, मांडीवर लहान आकारात परत धुऊन काढलेल्या साठ प्रिंटांची पिशवी. सुरुवात सदू मास्तरांच्या घरातून. मास्तर ऐंशीच्या पुढचे. त्यांनी जमिनीवर चटई टाकली, फोटो मांडले, दोनचार जुने साथीदार बोलावले आणि भांडण सुरू झालं.

“ह्यो म्हादू.”

“म्हादू न्हवं त्यो! म्हादू डावखुरा हुता. ह्येनं बघ कसं धरलंय.”

“टोपी बघ की, म्हादूचीच टोपी!”

“टोपी सगळ्यांची एकच हुती, बँडची टोपी हाय ती, लगनाची न्हवं.”

आण्णा ऐकायचे, हसायचे, पण पेन्सिल खिशातून काढायचे नाहीत. नुसता पत्ता घ्यायचे. मग आम्ही त्या पत्त्यावर. गारगोटीत एक युफोनियमवाला चहाचं हॉटेल चालवत होता. फोटो बघून त्याने उकळता चहा उतू जाऊ दिला. वारणानगरच्या कामगार वसाहतीत एक ट्रम्पेटवाला सापडला. दात गेलेले, त्यामुळे वाजवणं बंद, पण नाव सांगताना पलंगावरून उठून उभा राहिला. कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सॅक्सोफोनवाला रखवालदार होता. आण्णांनी त्याच कारखान्यासाठी त्याच्या ओळखपत्राचा फोटो काढला होता आणि त्याला ओळखलं नव्हतं! आण्णांचा चेहरा पडला. तो म्हणाला, “आण्णा, तुमची चूक न्हाय. तवा मी श्वास धरून बसलेलो. तुमी मला दम घेताना बघितलेलं.”

जे गेले होते त्यांच्या घरी मुलं, सुना, एके ठिकाणी नातू. म्हातारीने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आधी उखाणा रचला आणि मग त्यातून नाव सांगितलं. आण्णांनी उखाण्यासकट लिहून घेतलं.

चौदाव्या दिवशी एकोणसाठ नावं झाली. एक राहिलं. झांजा वाजवणारा एक बारीक माणूस, डोळे मिटलेले, झांजा दोन्ही बाजूला उघडलेल्या. त्याला सगळे ‘झांजऱ्या’ म्हणायचे. नाव कुणालाच माहीत नव्हतं, गाव कुणी म्हणे आजऱ्याकडं, कुणी म्हणे चंदगडकडं. आण्णांनाही फक्त गाव भुदरगडात असावं इतकंच वाटत होतं, आणि त्यांना वाटलेलं त्यांनाच चालत नव्हतं. त्यांनी ते चित्र भिंतीवरून उतरवलं. सेक्रेटरी म्हणाला, एखादं नाव टाकून द्या, कोण बघतंय. आण्णांनी ते कोपऱ्यात नेऊन ठेवलं. खिळा तसाच राहिला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी दहाला जे झालं, ते बघायला मिळालं म्हणून माझं आयुष्य वाया गेलं नाही असं मी म्हणतो.

आपल्याकडं बँड फाटकापर्यंत. वरात दारात आली की नवरदेव आत जातो, पाहुणे आत जातात, बँडवाले बाहेर उन्हात राहतात. तीन-चार पिढ्या हेच. त्या दिवशी जुने, नवे मिळून बाराजण लाल कोटात वाजवत रस्त्याने आले आणि फाटकात सवयीनेच थांबले. कुणी थांबवलं नव्हतं, पाय आपोआप थांबले. आण्णा नेहमीप्रमाणे उलटं चालत होते, कॅमेरा गळ्यात. तेही थांबले. मग उलटंच चालत फाटकातून आत गेले, पायऱ्या चढले, मागे न बघता. सदू मास्तर क्लारनेट तोंडाला लावूनच त्यांच्या मागे. मग सगळे.

नवीन लाकडी भिंतींत तो आवाज असा भरला की पाहुण्यांच्या खुर्च्या थरथरल्या. बँड काय चीज आहे हे रस्त्यावर कधी कळतच नाही, निम्मा आवाज आभाळात जातो. त्या दिवशी सगळा आमच्या छातीत गेला. सेक्रेटरी कानावर हात नेणार होता, पण शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, म्हणून त्यानेही त्याच हातांनी टाळ्या वाजवल्या.

मग प्रत्येकजण आपापल्या चित्राखाली जाऊन उभा राहिला. मेलेल्यांच्या जागी घरचे. छापील पट्ट्या काढून चित्रांखाली कोऱ्या कागदी पट्ट्या लावल्या होत्या. आण्णा पहिल्या चित्राशी गेले, खिशातली पेन्सिल काढली आणि म्हणाले, “नाव?”

“सदाशिव बापू जाधव!” मास्तर वरातीत ओरडावं तसे ओरडले.

आण्णांनी लिहिलं. पुढं. “नाव?” सभागृहात नुसती नावं ऐकू येत होती. पुढारी, प्राध्यापक, गवई, सगळे उभे. कुणी बसा म्हटलं नाही, आणि कुणी बसलं नाही. ती उखाण्याची म्हातारी आली होती. तिने भर सभेत उखाणा घेतला आणि हशा, टाळ्या, शिट्ट्या. एकोणसाठावं नाव लिहून झाल्यावर आण्णा वळले. कोण जाणे त्यांच्या त्या बारीक गळ्यात एवढा आवाज कुठून आला. ओरडले, “वाजवा!”

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. रांगा लागल्या. एक आठवड्याचं प्रदर्शन तीन आठवडे चाललं. बँडच्या पाच सुपाऱ्या तर मीच माझ्या दुकानात बसून ठरवून दिल्या, चढ्या भावात.

शेवटच्या दिवशी एक बाई आली. चाळिशीची, गारगोटीच्या पलीकडच्या एका वाडीतली, हातात दुधाच्या डेअरीची पिशवी. फिरत फिरत मोकळ्या खिळ्यापाशी थांबली आणि मला विचारलं, “हितं कुणाचा हुता?” मी कोपऱ्यात ठेवलेलं चित्र आणून दाखवलं. ती खालीच बसली.

“बा हाय माझा.”

“हाईत का?”

“हाईत की. चांगलं हाईत. पर आलं न्हाईत. सगळ्यांस्नी शिक्क्याचं बोलावणं आलं, त्यास्नी आलं न्हाय. तीन आठवडं म्हणाय लागल्यात, माझ्या झांजा कुणाच्या ध्यानात ऱ्हातील. कुणाशी बोलंनात. मी म्हटलं, मी तरी बघून येतो.”

आण्णा शेजारीच उभे होते. मी म्हटलं, “आक्का, नाव सांगा त्यांचं, आत्ता लिवून लावू.” तिने तोंड उघडलं. आण्णांनी हात वर केला. “तू सांगू नगस अव्वा. ते हाईत न्हवं? मग ते सांगतील.”

त्यांनी ते चित्र माझ्याकडून पोत्यात बांधून घेतलं, एम-एटीच्या मागे दोरीने आवळलं. वय चौऱ्याहत्तर, गारगोटीच्या पुढं डोंगरातला रस्ता. मी गाडी देतो म्हटलं, ऐकलं नाही. पायाने किक मारली, तीनदा मारल्यावर सुरू झाली. मान डावीकडे कललेली, मागे त्यांच्या पाठीएवढं चित्र, समोर त्या बाईची एसटी. एसटी पुढं गेली आणि हे तिच्या मागोमाग. त्यानंतर दीड वर्ष ते होते, माझ्या दुकानात येऊन चहा घेत होते, पण आठवायला बसलो की मला ते त्या गाडीवरच दिसतात. आता नाहीत. झांजवाले आहेत. ते चित्र त्यांच्या भिंतीवर आहे, त्याला मगदूम पाठ मी लावून दिली, आणि त्या पाठीवर आण्णांच्या अक्षरात पुरं नाव आहे. ते मी इथं लिहीत नाही. ते त्यांनी आण्णांना सांगितलं, मला नाही.

संस्थेने गेल्या महिन्यात स्मरणिका काढली आहे. त्यात सेक्रेटरीने लिहिलंय की नावं ‘नजरचुकीने’ राहून गेली होती आणि संस्थेने ‘अथक परिश्रमाने’ ती मिळवली.

सेक्रेटरीसाहेब, साठ पाठींवरून साठ वेळा नजर चुकत नाही. आण्णांनी तुम्हाला कधी विचारलं नाही, तो त्यांचा स्वभाव होता. माझा तो नाही. एक म्हातारा माणूस तीन आठवडे उंबऱ्यात बसून आपल्याला सगळे विसरले असं मानत राहिला, कारण त्याचं नाव तुमच्या सरसाखाली होतं. ते फोटो उलटे करून बघितल्यावर, नावं वाचल्यावर, ‘चिकटवा’ असं कुणी सांगितलं? तुम्हीच सांगितलंत का दुसऱ्या कुणी? त्या वाडीला एसटी दिवसातून दोनदा जाते. जा, त्या माणसासमोर उभे राहा, आधी स्वतःचं पुरं नाव सांगा आणि मग उत्तर द्या.